कांदा चोळलेला तळहात

फेब्रुवारी लागला की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना हे पाठ झालंय. नवरा तर त्या दिवसांत स्वतःचा चहासुद्धा स्वतःच करून घेतो. दौंडला आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी कांद्याची अरण, म्हणजे साठवणीचा ढीग, लावतं, रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर कर्कश गाणी वाजवत जातात, पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी पत्रे तापतात. एवढं सगळं मी सहन करते. पण मग खालच्या मजल्यावरचं दहावीचं पोरगं बाल्कनीत येरझाऱ्या घालत घोकायला लागतं, "क्वाएट म्हणजे शांत, क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी," आणि मी खिडकी आपटून लावून घेते. त्यात पोराचा काही दोष नाही. त्याच्या आईला वाटतं, माझी झोपमोड होते.

परीक्षेच्या दिवसांविषयी लोक किती हळवं बोलतात. आंब्याचा मोहर, आईने हातावर ठेवलेलं दही, नव्या पेनाचा वास. मला तसलं काही होत नाही. ते दिवस परत आले तर मी त्यांना उंबऱ्यावरून हाकलून देईन. मला त्या दिवसांचा वास येतो तो कांद्याचा, आणि तो स्वयंपाकघरातला नव्हे. तो माझ्या तळहाताचा वास आहे.

आमच्या निमोण्याच्या शाळेत इंग्रजीला जे शिक्षक होते त्यांना गाव अजून नुसतं 'सर' म्हणतं. बाकीच्या मास्तरांना आडनावं होती, टोपणनावं होती. यांना दोनच अक्षरं पुरली. दहावीच्या वर्षी जानेवारी संपत आला की सर जादा तास सुरू करत, शाळा भरायच्या आधी, गार फरशीवर पाय आखडून घ्यावे लागत त्या वेळी. आणि जादा तासात त्यांचा लाडका विषय एकच, गोंधळात टाकणारे शब्द. इंग्रजीत दिसायला सारखे, ऐकायला सारखे किंवा अर्थाने एकमेकांना चिकटून बसलेले शब्द असतात ना, ते. परीक्षेत त्यांना असे कितीसे गुण असतील? पण सरांना वाटायचं, इंग्रजी म्हणजे तेवढंच.

त्यांनी आम्हाला बाकांवर त्या शब्दांप्रमाणे बसवलं. एका बाकावर दोघी, आणि दोघींना मिळून शब्दांची एक जोडी. पहिल्या बाकावर बॉरो आणि लेंड. मागे लर्न आणि टीच. मुलांच्या रांगेत एक ब्रिंग आणि एक टेक होता. तो टेक आता सोसायटीचा चेअरमन आहे, आणि पाठीमागे बायका त्याला अजून टेकभाऊच म्हणतात. आमच्याकडे एकदा नाव पडलं की ते सरणावरच उतरतं. मी होते रिमाइंड. माझ्या शेजारी मंगल, ती रिमेंबर. रिमेंबर म्हणजे आपल्याला आठवणं, रिमाइंड म्हणजे दुसऱ्याला आठवण करून देणं. बघा, एका ओळीत झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्या माणसाने काय काय केलं.

सरांचा नियम असा होता: जो चुकेल त्याला मारायचं नाही, त्याच्या जोडीदाराला मारायचं. जोडीतली एक चुकली की दुसरीने उभं राहून हात पुढे करायचा. छडी निरगुडीची, आणि ती ओढ्यावरून आम्हीच तोडून आणायची. सरांना या शोधाचा फार अभिमान होता. "बैलाची जोडी असती ना, तसं हे," ते म्हणायचे. "स्वतःच्या मारानं माणूस कोडगा होतो. दुसऱ्याच्या मारानं शहाणा होतो." पालकांना ही पद्धत भलतीच आवडली होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, सरांना रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "मांस तुमचं, हाडं आमची." मी तिथेच उभी होते. माझ्या मांसाविषयी मला कुणी विचारलं नाही.

मंगल ढ नव्हती. हे मी आज लिहितेय, पण तेव्हाही मी हेच म्हणत होते. तिचे आप्पा मेंढरं राखायचे, पावसाळा संपला की कळप घेऊन कोकणाकडे निघायचे, आणि अख्खं घर त्यांच्याबरोबर चालायचं. ज्या वर्षी आम्ही गावात एबीसीडी गिरवत होतो त्या वर्षी मंगल वाघूर खांद्यावर घेऊन, म्हणजे मेंढरं कोंडायची ती जाळी घेऊन, डोंगर उतरत होती. पुढे आप्पांनी मेंढरं विकून थोडी जमीन धरली आणि मंगल कायमची शाळेत आली. गणितात तिने आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. इंग्रजीत मात्र तिच्या पायाखाली जमीनच नव्हती. तिला दोन शब्दांतला फरक कळायचा, घरी अगदी नीट सांगायची. वर्गात सर समोर आले की तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

म्हणजे मार रोज मला.

कांद्याची काढणी चालू असायची. शाळेला जाताना वाटेत दोन्ही बाजूंना कांदे उपटून ओळीने टाकलेले, पात कापायला बायका बसलेल्या. मंगल तिथून एक कांदा उचलायची. शाळेच्या मागच्या भिंतीशी आलो की बुक्कीने फोडायची आणि त्याचा रस माझ्या तळहाताला चोळायची. रस लावला की छडी सरकते, लागत नाही, असं आमच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. बाकीच्या पोरी स्वतःच्या हाताला चोळत. मंगलच्या चुका माझ्या हातावर पडायच्या, म्हणून ती माझ्या हाताला चोळायची, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, आई लहान पोराला तेल लावते तसं. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. उलट कातडी जिथे उललेली असायची तिथे रस असा झोंबायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. पण मी तिला कधी सांगितलं नाही. तिला काहीतरी करता येतंय, तेवढं तरी तिच्याजवळ राहू दे, असं मला वाटायचं.

अख्ख्या वर्गाला कांद्याचा वास यायचा. सरांना तो येत नसेल? ते नाकाला रुमाल लावायचे आणि म्हणायचे, "शेतकऱ्याची पोरं, वास यायचाच." कशाचा वास आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

एका सकाळी माझ्या तळहाताची कातडी फाटली. फार नाही, अंगठ्याच्या बुडाशी. रक्त वहीला लागलं. मंगलने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती जादा तासाला आली नाही. मी तिच्या घरी गेले तर ती शेळ्यांना पाला टाकत होती.

"चल की," मी म्हटलं. "परीक्षा आली."

"म्या न्हाई आले तर तुला कोण मारंल?" ती म्हणाली. "जोडीच न्हाई म्हनल्याव."

तिने हे हिशेब मांडल्यासारखं सांगितलं. गणितात हुशार होती ना.

आणि मग सर तिच्या घरी गेले. मुलगी तासाला का येत नाही, हे विचारायला गेले असतील असं आम्हाला वाटलं. ते आप्पांना म्हणाले, "हिला यंदा परीक्षेला पाठवू नका. इंग्रजी काय निघत नाही तिचं. उगं नापास झाली तर पोरीचं नाव जाईल. पुढल्या वर्षी बसवू." खरी गोष्ट अशी की नापास झालेलं पोर शाळेच्या निकालात मोजलं जातं, गैरहजर राहिलेलं मोजलं जात नाही. आप्पांना हे कुठून माहीत असणार? त्यांनी सरांना शेळीचं दूध घालून चहा पाजला, पोरीच्या काळजीपोटी एवढ्या लांब आले म्हणून हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचा मला आजही सर्वांत जास्त राग येतो, आणि तो आप्पांवरचा नाही.

आमचं केंद्र शिरूरला होतं. इंग्रजीच्या पेपराला खिडक्यांखाली कॉप्या पुरवणाऱ्या मामा-काकांची जत्रा भरलेली, पोलीस त्यांना हाकलतोय, ते बोरीच्या झाडाला वळसा घालून परत येताहेत. माझ्या पुढच्या बाकावर खडूने मंगलचा नंबर लिहिलेला होता. तो बाक शेवटपर्यंत रिकामा राहिला. पेपरात गोंधळात टाकणाऱ्या शब्दांवर एक प्रश्न होता आणि तो मी पूर्ण बरोबर सोडवला. जूनमध्ये वेशीवर बोर्ड लागला: निकाल शंभर टक्के. सरांचा फोटो मध्यभागी, आम्ही सगळे कडेने. पुढलं वर्ष मंगलला कुणी दाखवलं नाही. त्या उन्हाळ्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती केंदूरला गेली.

मला लोक सांगतात, अगं पण त्या मारानेच तू घडलीस. माझा सख्खा भाऊ, आमचा दादा, हे मला दर दिवाळीला सांगतो. मी कुरकुंभला एका कारखान्यात डिस्पॅचचं काम बघते, दिवसभर इंग्रजीत मेल पाठवते, म्हणून हे श्रेय सरांचं. डोंबल सरांचं. माझं इंग्रजी कारखान्यात सुधारलं, आणि ते चुकून चुकून सुधारलं. नोकरीला लागले त्या महिन्यात मी एका मेलमध्ये असाच जोडीतला भलता शब्द लिहिला होता. आमचे तेव्हाचे साहेब ओडिशाचे. त्यांनी मला टेबलाशी बोलावलं तशी मी नकळत दोन्ही हात ओढणीत लपवले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मॅडम, ये वाला नहीं, वो वाला. वैसे मतलब तो मैं समझ गया था." एवढं बोलून ते चहाला गेले. शिकवायला एवढंच लागतं, हे मला कळलं आणि माझा राग दुप्पट झाला.

कारण तो फरक खरंच एवढासा असतो. आपल्याकडे काय जोड्या नाहीत? शिकणं आणि शिकवणं, आठवणं आणि आठवण करून देणं, उसनं घेणं आणि उसनं देणं. विरजण मागायला आलेलं पोर उलटसुलट काहीही बोललं तरी शेजारीण वाटीत विरजणच घालते. शिरूरच्या बाजारपेठेत निम्म्या दुकानांवर स्टेशनरीचं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय. पाटीवर विश्वास ठेवला तर ते दुकान 'जागचं न हलणारं' ठरतं. हलत नाहीच ते, आणि धंदाही झकास चाललाय. इंग्रजीवर माझा राग नाही. ती बिचारी परकी बाई, तिला काय माहीत आमच्या गावात तिच्या नावाने काय चालतं. माझा राग ज्यांनी तिच्या हातात निरगुडीची छडी दिली त्यांच्यावर आहे, आणि वर्षं गेली म्हणून तो निवत नाही. फोनवर रिमाइंडर वाजला तरी माझ्या कपाळाला आठी पडते.

तर यंदा फेब्रुवारीत दादाचा फोन आला. "सरांची एकसष्टी करतोय गावात. मांडव शाळेच्याच मैदानात. तुला बोलायचंय."

"काय बोलू?"

"चार शब्द बोल चांगलं. सरांनी घडवलेली पोरगी म्हनून बोलीवलंय तुला. उगं वाकडं नको बोलू, शैला. मी कमिटीत हाय."

मी नाही म्हणणार होते. सर निवृत्त झाल्यावर घरातच दहावीचा क्लास घेतात हे मला माहीत होतं, आणि त्यांच्या पुढ्यात टाळ्या वाजवायला मी जाणार नव्हते. तेवढ्यात संध्याकाळी मंगलचा फोन. ती केंदूरहून येणार होती, आणि केवढ्या आनंदात होती.

"आगं माझी साक्षी हाय ना, थोरली. तिला मी भावाकडं ठिवलीया निमोन्याला, दहावीला. सरांच्याच क्लासला घातलीया."

माझ्या तोंडून जे शब्द फुटले ते बरे नव्हते. मंगलने सगळं ऐकून घेतलं.

"आता न्हाई मारीत ते," ती म्हणाली. "कायदाच हाय तसा. भाऊ म्हनला. आन् शैला, माझंच डोस्कं चालत न्हवतं गं तवा. सरांचं काय चुकलं त्यात? साक्षी तुझ्यावानी हुशार हाय. तिची दहावी झाली पायजे, इंग्रजीसकट. एवढंच बघायचंय मला. तू ये."

माझ्यात वीस वर्षं जाळ धुमसतोय, आणि जिचं घर जळलं ती म्हणते माझंच चुकलं. मी गेले ते मंगलसाठी. भीमेचा पूल ओलांडला तसा खिडकीतून कांद्याचा वास यायला लागला, आणि मी कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून विनाकारण भांडले.

मांडवात अर्ध्यात बायका, अर्ध्यात पुरुष, आणि पुढे सतरंजीवर सरांच्या क्लासची पोरं, इस्त्रीच्या गणवेशात, दोघं दोघं करून बसवलेली. ते दोघं दोघं मला लगेच ओळखू आलं. सरांना फेटा बांधला होता, गुलाबी. म्हातारे झालेत, हात थोडे कापतात, हसणं तेच. टेकभाऊंनी प्रास्ताविक केलं. मग माझं नाव पुकारलं. मी माइककडे निघाले तर सरांनीच तो हातात घेतला.

"ही आमची रिमाइंड," ते म्हणाले. लोक हसले. "माझी जोडीची पद्धत हिनं सार्थकी लावली. आता कारखान्यात साहेबीण हाय. हिच्याबरोबर रिमेंबर कोण होती रं? आलीय का?"

बायकांमधून मंगलला कुणीतरी ढकलून उभं केलं. ती लाजत होती, पदराचं टोक दातात धरून. एवढी पस्तिशी ओलांडलेली बाई, चार एकर बागाईत एकटीने ओढणारी.

"सांग बरं," सर म्हणाले, "रिमेंबर आन् रिमाइंडमध्ये फरक काय?"

"न्हाई सांगता यायचं, सर," मंगल म्हणाली. पुन्हा सगळे हसले. तीही हसली.

मी काही ठरवून आले नव्हते. दादाची ताकीदही डोक्यात होती. पण मंगल चुकली होती, आणि मी तिची जोडी होते. मी सरांच्या समोर गेले आणि उजवा हात पुढे केला. तळवा वर, बोटं जुळवलेली, अंगठा बाजूला, जसा रोज करायचे तसा.

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. शपथेवर सांगते, त्यांना कळलं, कारण त्यांची नजर क्षणभर माझ्या अंगठ्याच्या बुडाशी गेली. मग त्यांनी ताटातला एक पेढा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "गुरूपुढं अजून हात पसरती बघा पोरगी," ते माइकमध्ये म्हणाले. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाल्याने फोटो काढला. तो फोटो त्याच संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर फिरला, खाली लिहिलं होतं, गुरुदक्षिणा.

पण सतरंजीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानेही नाही. ती सगळी माझ्या हाताकडे बघत होती, आणि काहींनी आपापले हात मांडीखाली सारले होते. मोठ्यांपैकी हे फक्त दोघींना दिसलं, मला आणि मंगलला. ती अजून उभीच होती.

ती रांगेतून बाहेर आली. बायकांच्या पायांवर पाय देत, कुणाला काही न बोलता, सरळ साक्षीपाशी येऊन उकिडवी बसली. "दाव हात," म्हणाली. साक्षी दाखवेना. मंगलने तो ओढून घेतला, उघडला आणि नाकाशी नेला. तिच्या भावाचा यंदा सगळा ऊस आहे, कांद्याचं एक रोप लावलेलं नाही. मी स्टेजवरून खाली आले तेव्हा मंगलचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता.

"तू तर चुकत न्हाईस," ती पोरीला म्हणाली. "मग तुझ्या हाताला कांदा कशाला?"

साक्षीने शेजारच्या मुलीकडे बघितलं. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची मुलगी, श्रावणी तिचं नाव.

"तू चोळतीस व्हय हिला?" मंगलने विचारलं.

श्रावणीने मान डोलावली. "माझ्यामुळं लागती ना तिला," ती म्हणाली.

मंगलने एका हाताने साक्षीला आणि दुसऱ्या हाताने श्रावणीला धरून उठवलं आणि मांडवातून चालू लागली. श्रावणीची आई पाठोपाठ धावली. सर माइकमध्ये म्हणाले, "पेपर तोंडावर आलाय. आता क्लास सोडला तर पास व्हायची आशा सोडा, बाई." मंगल थांबली नाही. मी पेढा सरांच्या पुढ्यातल्या ताटात परत ठेवला आणि तिच्या मागे गेले. दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. बोलू नये. मला त्याची घाई नाही.

शाळेच्या नळावर पोरी हात धूत होत्या. कांद्याचा वास काही केल्या जात नव्हता. श्रावणी रडत होती, आता काय होणार म्हणून. मी त्यांना म्हटलं, काय होणार, आपण अभ्यास करू. आणि केला. रविवारी मी निमोण्याला जायची, बाकीचे दिवस फोनवर व्हिडिओ लावून. चुकल्या की मी म्हणायची, हा नाही, तो. साक्षीला गरज नव्हती, पण ती बसायची. सुरुवातीला श्रावणी शब्द उच्चारायच्या आधी साक्षीच्या हाताकडे बघायची. आठवडा संपायच्या आत ती माझ्याकडे बघायला लागली.

मग सर श्रावणीच्या घरी गेले. पोरीने क्लास सोडला तरी सर जाणारच, कारण क्लासच्या निकालाचाही बोर्ड लागतो, आणि फी भरलेली सगळी पोरं त्यात धरलेली असतात. ते तिच्या वडिलांना म्हणाले, "हिला यंदा परीक्षेला पाठवू नका. उगं पोरीचं नाव जाईल. पुढल्या वर्षी बसवू." श्रावणीच्या आईने हे मंगलला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, आणि मंगलने मला. सांगताना ती मध्येच थांबली.

"शैला," ती म्हणाली, "आप्पांनाबी ह्येच म्हनलं हुते. ह्येच शब्द. पुढल्या वर्षी बसवू."

मी तिला हे किती वेळा सांगितलं असेल. सांगून उपयोग नव्हता, तिला ते स्वतःलाच आठवायला हवं होतं.

ती केंदूरहून पहिल्या एसटीने आली, श्रावणीच्या वडिलांच्या दारात ओट्यावर बसली, आणि पोरीला हॉलतिकिटासकट घेऊनच उठली.

इंग्रजीच्या पेपराला मीही रजा टाकून शिरूरला गेले. तेच केंद्र, रंग दिलेला, बोरीचं झाड तोडलेलं, खिडक्यांना जाळ्या बसवलेल्या. दोघी आत गेल्या. त्यांचे नंबर वेगवेगळ्या खोल्यांत होते. श्रावणीची खोली फाटकासमोरच, तिचा बाक बाहेरून दिसत होता. घंटा झाली, फाटक लागलं, पेपर वाटले गेले. श्रावणीने पेपर उलटा-सुलटा करून बघितला आणि लिहायला लागली.

मंगल फाटकाच्या गजांना धरून आत बघत होती. एवढी वर्षं शिरूरच्या बाजाराला ती येते, पण या फाटकापाशी ती आधी कधी आली नव्हती. बराच वेळ बघत राहिली. बाक, फळा, पंखा, खुर्चीवर पेंगणाऱ्या एक बाई.

"एवढंच असतं व्हय आत?" तिने विचारलं.

"एवढंच."

मग तिने गज सोडले, हात पदराला पुसले, आणि फाटकावरच्या शिपायाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मुडदा बशिवला त्या सरचा."

शिपाई दचकून बघायला लागला. मला मात्र फार बरं वाटलं. आम्ही समोरच्या रसवंतीवर जाऊन बसलो आणि पोरी सुटेपर्यंत ती त्या सरला शिव्या देत होती.